रंगुबाईचा अंधार

कोयनानगरच्या वसाहतीत माझ्या शेजारच्या खोलीत रंगुबाई राहायची. जतकडची, मेंढरं राखणाऱ्या घरातली. बहात्तरच्या दुष्काळात मेंढरं गेली, नवराबायकोनं वर्षभर खडी फोडली, आणि मग नवऱ्याला, सिद्धूला, इथे पाण्याच्या पंपावर रातपाळीची नोकरी लागली. तीही आता जायच्या बेतात होती. डुलकी घेताना साहेबांनी त्याला दोनदा धरलं होतं. तिसऱ्यांदा सापडलास तर गाठोडं बांध, असं बजावलं होतं.

डुलकी लागणारच! खिडकी पूर्वेला, सकाळपासून खोलीत लख्ख उजेड. माणूस झोपणार कसा?

मी तिला पाटणला लालासाहेबांच्या कापडदुकानात नेलं. तिनं एकेक कापड दाराबाहेर उन्हात धरलं आणि मागे स्वतःचा हात घातला.

"आवं बाई, बोटं दिसत्यात की."

लालासाहेब वैतागले. "तुम्हाला पडदा पाहिजे का छत्री?"

"अंधार पायजे. हाय का?"

नव्हता. घरी येऊन तिनं बापाचं काळं घोंगडं काढलं. रानात राहायला पाल ठोकताना वाऱ्याला फट ठेवत नाहीत, तसं चारी बाजूंनी ताणून खिडकीला आतून खिळ्यांनी ठोकलं. दाराच्या फटींत चिंध्या कोंबल्या. सदुसष्टचा भूकंप पाहिलेले आम्ही दार मिटू नये म्हणून विटा लावून ठेवणारे. मी ओरडलेच, "अगं, इथे असं कोंडून घेऊन कुणी झोपत नाही. जमीन हलली तर?"

"आन् झोप न्हाई झाली तर? पुन्यांदा खडी?"



तीन दिवस सिद्धू मेल्यासारखा झोपला. चौथ्या दिवशी सकाळी दहाला जमीन गुरगुरली, फळीवरची भांडी वाजली. सगळी वसाहत अंगणात. सिद्धू नाही.

रंगुबाईनं दार ढकललं. चिंध्यांनी गच्च बसलेलं दार हादऱ्यानं आणखीच आवळलं होतं. आत काहीतरी धाडकन पडलं.

"आवं, दाराकडं या!"

"दार कुठं हाय गं? कायबी दिसंना!"

पुन्हा हादरा. भाजी चिरता चिरता पळालेली मी, सुरी हातातच होती. तिनं ती हिसकावली, दगडानं खिडकीची काच फोडली आणि बापाचं घोंगडं वरपासून खालपर्यंत फाडलं. आत उजेड पडला तसा सिद्धू खिडकीतून बाहेर आला. कपाळाला टेंगूळ, अंगावर नुसती चड्डी. बायका हसल्या. रंगुबाई हसली नाही. रात्री दहाला त्याची पाळी होती.

"आता डोळा न्हाई लागायचा," सिद्धू म्हणाला. "त्या अंधारात मी परत न्हाई जायाचा."

तिनं दार पहारीनं उचकटून बाजूला ठेवलं. घोंगड्याचे दोन तुकडे, एक खिडकीला, एक दाराला, दोरीवर नुसते टाकले. खिळा एकही नाही. मग दारातल्या तुकड्याला पाठ लावून उंबऱ्यावर बसली.

"हायेस का?" आतून.

"हाय."

"हायेस का गं?"

"दारातच हाय. निजा."

मी म्हटलं, "तू जेवून घे, मी बसते."

"नगं बाई. तुमचा आवाज लय मोठा."

राग आला. तासाभरात आतला प्रश्न बंद झाला. ती संध्याकाळी पाच वाजेपर्यंत हलली नाही.

रात्री साहेब दोनदा फिरून गेले. दोन्ही वेळा सिद्धू पंपापाशी उभा होता.