तायडे साहेब आणि बाजारातली लाल रेघ

प्रल्हाद तायडे साहेब गेल्याचं मला शोकसभेच्या निरोपातून कळलं. फोटोखाली लिहिलं होतं, ‘शहराच्या विकासाचे शिल्पकार’. सभा होती जुन्या बाजारातल्या नव्या व्यापारी संकुलात, तिसऱ्या मजल्यावर. हा बाजार वाचवायला गेले म्हणून त्यांना गावातून घालवलं, आणि हार घालायला जागा तीच शोधली! मी गेले नाही. आता दीड महिना झालाय, म्हणून लिहायला बसले.

वऱ्हाडातल्या एका लहान शहराच्या नगररचना कचेरीत ते माझे साहेब होते. गावाचं नाव लिहीत नाही. वऱ्हाडातल्या बऱ्याच गावांना ते आपलंच वाटेल. मी अनुरेखक, म्हणजे साहेबांचा नकाशा शाईनं उतरवून घेणारी. अमरावतीहून रोज एसटीनं यायची. पुढच्या वीस वर्षांचा आराखडा करायचा होता. असे आराखडे बहुतेक जण खुर्चीत बसून करतात. हे टेप घेऊन बाजारात उतरले. दोन वर्षं सागवानी खांब, दुकानांपुढचे दगडी ओटे, विहिरी, सगळं मोजत फिरले. म्हणणं साधं होतं: मोटारी वेशीबाहेर थांबवा, पडकं असेल ते दुरुस्त करा, पाडू नका. “बाई, रस्ता कवाही रुंद करता येते. एकदा रुंद केला, का मंग अरुंद नाही होत.”

आराखड्यावरच्या हरकतींच्या सुनावणीत, बाजार पाडून रुंद रस्ता हवा असलेले एक कापडवाले शेठजी उभे राहिले. साहेबांनी सगळ्यात जीव लावून काढलेला नकाशा त्यांच्याच दुकानाचा होता. “तायडे साहेब, आमच्या बाजाराचा तुमाले काहून एवढा पुळका? तुमचं घर हाय का इथं?” लोक हसले. काय विचारलंय ते सगळ्यांना कळलं होतं.

साहेब शांतपणे म्हणाले, “घर नाही, शेठजी. माह्या आज्याले तुमच्या ओट्यावर बसू देत नव्हते. तो खाली उभा राहून कापड घ्याचा. मी ओटा मोजाले आलो, तवा आमच्या घरातून पहिल्यांदा कोणी त्याच्यावर बसलं. आता आमाले बसता येते, तं तुमी ओटाच पाडून राहिले...”

कुणीतरी पुढची हरकत पुकारली.

त्यानंतर वहिनींच्या, म्हणजे त्यांच्या पत्नीच्या, ऑपरेशनसाठी साहेब रजा घेऊन अकोल्याला गेले, आणि वरून तोंडी हुकूम आला. बाजाराच्या मधून रस्ता रुंदीकरणाची लाल रेघ मारायची. ती मी मारली. हुकूम लेखी द्या, एवढं मला म्हणता आलं असतं. पण माझी नोकरी कायम व्हायची होती. परत आल्यावर साहेबांनी नकाशा उलगडला. माझा हात ते ओळखत होते. “रेघ सरळ आली, बाई,” एवढंच म्हणाले. त्यांनी फाइलवर विरोध नोंदवला आणि आठ दिवसांत त्यांची बदली झाली. मी कायम झाले.

बाजार पडला. खांब लाकडाच्या भावात गेले. रुंद रस्त्यावर आता मोटारी उभ्या असतात, आणि शेठजींना तिसऱ्या मजल्यावर गाळा मिळालाय, जिथं गिऱ्हाईक चढत नाही. मला त्यांची कीव येत नाही. स्वतःचीही येत नाही.

मागच्या आठवड्यात अकोल्याला वहिनींकडे गेले. साहेबांच्या खोलीत एक खाट आणि एक लोखंडी कपाट. वहिनींनी कपाट उघडलं. आत त्या बाजाराचे सगळे कच्चे नकाशे, वहिनींच्या जुन्या लुगड्यांत गुंडाळलेले, प्रत्येकावर गल्लीचं नाव. दर रविवारी साहेब गच्चीवर नेऊन नकाशांना ऊन द्यायचे आणि पुन्हा तसेच बांधून ठेवायचे.

“पोरगा म्हणते, रद्दीत द्या,” वहिनी म्हणाल्या. “माह्यानं नाही होत. बाई, तुमी नेता का?”

“न्यायला काय हो... पण घरी जागा नाही,” मी म्हणाले.

अमरावतीत माझं चार खोल्यांचं घर आहे. दोन बंदच असतात.