पहिल्या पाच पोस्ट

सुरतेतल्या आम्हा खान्देशी लोकांचं एक ऑनलाइन फोरम आहे आणि त्याची किल्ली माझ्या गळ्यात आहे. मी ती मागितली नव्हती. ज्यानं फोरम उभं केलं तो पुण्याला नोकरीला गेला आणि जाताना पासवर्ड माझ्या हातात कोंबून गेला. पांडेसऱ्यात खोली, सचिन उपनगरात काम, मुलीसाठी स्थळ, कोणाच्या मातीची, म्हणजे अंत्यविधीची वेळ, सगळं तिथं येतं. व्हॉट्सॲपच्या ग्रुपमध्ये लोक भांडून बाहेर पडतात. फोरमवर भांडतात आणि तिथंच राहतात.

मग लिंकांचा पूर आला. कोणीतरी नवीन सदस्य व्हायचा आणि दहा मिनिटांत सट्ट्याच्या, झटपट कर्जाच्या, केस उगवणाऱ्या तेलाच्या लिंका चिकटवून जायचा. बारडोलीच्या एका ताईंनी घरबसल्या कामाची लिंक दाबली आणि त्यांच्या फोनवरून साऱ्या नातेवाइकांना घाणेरडे फोटो गेले. शिव्या मला पडल्या. तेव्हा मी नियम घातला: नव्या सदस्याच्या पहिल्या पाच पोस्टमध्ये लिंक असेल, तर ती पोस्ट माझ्या मंजुरीशिवाय दिसणार नाही. त्याला एवढंच दिसेल, ‘आपण नवीन आहात. कृपया थांबा.’ हे वाक्य मीच लिहिलं आणि त्यावर खूशही होतो.

खूश नव्हते ते फक्त माझे मास्तर. डाइंग मिलमध्ये कापडाच्या रंगाची शेड जुळवायला त्यांनी मला शिकवलं. कापड ओलं असताना रंग ठरवायचा नाही, वाळू द्यायचं, मग बोलायचं, हा त्यांचा एकच मंत्र. निवृत्त होऊन ते सचिनला राहायला गेले, तरी फोरमवर रोज वाचायचे. नियम कळल्यावर फोन करून म्हणाले, “नवा मानूसले दारमा उभं करू नको रे. तू बी कधी नवाच व्हता.”

मी हसण्यावारी नेलं. बोलायला काय जातं? रोज साचणारा कचरा माझ्या वाट्याचा होता. जेवताना खिशात फोन थरथरायचा, पाहुण्यांत बसलो तरी थरथरायचा. बायको म्हणायची, “तुमले त्या फोनशीच लगीन करनं व्हतं.” सोडावं म्हटलं तर किल्ली घ्यायला कोणी तयार नाही. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

एका सकाळी मिलमध्ये एक शेड सारखी बिघडत होती आणि मालक डोक्यावर उभा होता. मंजुरीच्या रांगेत शंभरावर पोस्ट साचल्या होत्या. पहिल्या चार पाहिल्या, चारही सट्ट्याच्या. मी सगळ्या निवडल्या आणि एका दाबात पुसून टाकल्या. फार हलकं वाटलं, हेही सांगायला हवं.

तिसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर कळलं, मास्तर गेले.

मी तसाच त्यांच्या दारावर, सांत्वनाला गेलो. नव्या वसाहतीत एकासारख्या एक गल्ल्या, मला घर सापडायला अर्धा तास लागला. मास्तरांची मुलगी दारातच बसली होती. वडील गेले त्या पहाटे त्यांचा फोन कुलूपबंद, आम्हा सगळ्यांचे नंबर त्याच फोनमध्ये. म्हणून तिनं आपल्या फोनवरून फोरमचं सदस्यत्व घेतलं, मातीची वेळ लिहिली आणि घर सापडावं म्हणून नकाशाची लिंक जोडली. सुक्याबरोबर ओलंही जळतं म्हणतात. इथं जाळणारा हात माझा होता.

“काका, मी लिखं व्हतं तठे,” ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, असता तर बरं झालं असतं. “नवीन आहात, थांबा म्हने. दुपारलोंग थांबनूत आम्ही.”

खांदा कोणी दिला, असं मी विचारलं. जावई, खालचा दुकानदार, दूधवाला. आणि चौथा? तिनं कोपऱ्याकडे पाहिलं. समोरच्या खोलीतला एक उडिया कामगार येणाऱ्यांना पाणी देत होता. मास्तरांना तो ओळखतही नव्हता. त्याला इथं राहायला येऊन आठवडाही झाला नव्हता.

त्यानं मलाही पेला दिला. मी तिला सांगितलं, पोस्ट मीच पुसली. 

घरी येऊन मी नियम काढून टाकला. तासाभरात फोरम सट्ट्यानं भरलं आणि बारडोलीच्या ताईंचा फोन आला. मी नियम परत घातला. आता रांगेतली एकेक पोस्ट उघडून शेवटच्या ओळीपर्यंत वाचतो. बायको माझं ताट झाकून ठेवते.

आठवड्यानं मास्तरांच्या मुलीची पोस्ट थेट फोरमवर दिसली. सुतक संपवणाऱ्या गंधमुक्तीचा दिवस आणि वेळ होती. खाली रस्ता लिहिला होता: सचिनला उतरा, पाण्याच्या टाकीपाशी या, तिथं आमच्या शेजारचे उडिया दादा सकाळपासून उभे राहतील, ते घरी आणतील. लिंक तिनं दिलीच नव्हती. त्यामुळे माझ्या मंजुरीची गरज पडली नाही.