कापसाच्या खोलीमागची खिडकी

कौशल्याबाईचं माहेर वडनेरचं. बापाला तिन्ही मुलीच. त्यामुळे विहिरीत उतरून मोटारीची जाळी साफ करायची असो की वखराची लोखंडी पास ठोकायची असो, बापाच्या हाताखाली ही थोरलीच असायची. लग्न होऊन ती यशोदा नदीच्या काठच्या गावात आली, तेव्हा सासूला, मनकर्णाबाईला, सुनेचे हे गुण काही रुचले नाहीत. पहिल्याच उन्हाळ्यात सून हातात पान्हा घेऊन मोटारीपाशी बसलेली दिसली, तशी ती आपल्या लेकाला म्हणाली, "रूपराव, बायको आनली का मिस्तरी आनला रे?"

रूपराव मुळातच शांत माणूस. "मोटर तं चालू झाली ना माय," एवढंच तो म्हणाला.

पुढच्या वीस-बावीस वर्षांत गावाला तिची सवय झाली. कापूस वेचताना बायका कमरेला ओटी बांधतात, ती भरली की सगळं ओझं कमरेवर येतं. कौशल्याबाईनं रूपरावच्या जुन्या पॅन्ट कापून ओटीला पट्टे शिवले आणि ओझं खांद्यावर घेतलं. दोन हंगामांत निम्म्या गावच्या बायकांच्या खांद्यावर तसेच पट्टे दिसायला लागले. लेक रक्षा आठवीत गेली आणि सकाळची एसटी बंद झाली. बाकीचे लोक निवेदनं देत होते. ही सरळ दूधगाडीवाल्याला गाठून आली. गाडीत कॅनच्या पुढे फळी ठोकून घेतली. रक्षा आणि तिच्या मैत्रिणी त्या फळीवर बसूनच पुलगावला बारावीपर्यंत शिकल्या.

मनकर्णाबाईला लकवा आला, तो दोन वर्षांमागं. सेवाग्रामच्या दवाखान्यातून ती घरी आली, पण उजवी बाजू गेलेली. आपली बाळंतपणं झाली त्या मागच्या खोलीतच आपल्याला ठेवावं, असा तिनं हट्ट धरला. कौशल्याबाईनं वरच्या लाकडाला दोर बांधून दिला. म्हातारी डाव्या हातानं दोर धरून, सुनेच्या नावानं पुटपुटत उठून बसायला शिकली.

घर एका ओळीतलं. पुढं ओसरी, मग मधली खोली, मग मनकर्णाबाईची खोली, आणि तिच्यामागं गोठा. मागच्या खोलीला बाहेरचं दार नाही, गोठ्याकडं उघडणारी लाकडी गजांची लहान खिडकी तेवढी. यंदा मधली खोली, भिंतीकडेनं जायची वाट तेवढी सोडून, छातीइतकी कापसानं भरलेली होती. शिवरात्र होऊन गेली होती. एके दिवशी दुपारी रूपराव कापूस न्यायला गाडी ठरवायची म्हणून पुलगावला गेला होता. कौशल्याबाई अंगणात तूर पाखडत होती.

रक्षा ओसरीत अभ्यास करत होती. ती तिथूनच म्हणाली, "आई, कापसाच्या खोलीतून धूर येऊन राह्यला."

कौशल्याबाईनं सूप खाली ठेवलं नाही, ते पडलंच. तिनं आधी ओसरीतलं मेन बटण पाडलं. मग दाराची फट बोटभर उघडून पाहिली. भिंतीवरची वायर उंदरानं कुरतडलेली होती, तिच्या खाली कापूस काळा पडून धुमसत होता. जाळ अजून नव्हता. तिनं दार लावून कडी घातली.

तोवर शेजारचे बंडूजी बादली घेऊन धावत आले. त्यांचा हात कडीवर गेला.

"काढू नका भाऊजी. हवा लागली का भडका उडन."

"अवो पन वयनी, मनकर्णामाय आत हाय ना."

"तिले मी मागून काढतो. तुमी घरोघरचे फवारनीचे पंप आना. धुतलेलेच आनजा, औषधाचे नको. साधं पानी भरा आन दारावरच्या झरोक्यातून नळ्या घाला."

हे बोलत बोलतच ती गोठ्याकडं पळत होती. मागच्या खोलीत मधल्या दाराच्या फटीतून धूर शिरला होता. आतून मनकर्णाबाईचा खोकला ऐकू येत होता. कौशल्याबाईनं सब्बल घेतली आणि खिडकीच्या चौकटीभोवतीची माती उकरायला लागली. भिंत जुनी, मातीची. पाच-सात घावांत चौकट हलली, मग गजांसकट बाहेर आली. तरी भगदाड लहानच राहिलं. कौशल्याबाईचं शरीर त्यातून जाणं शक्य नव्हतं. आणखी उकरावं तर वेळ नव्हता.

मागं रक्षा उभी होती. "मी जातो आत," ती म्हणाली.

कौशल्याबाई तिच्याकडं बघत राहिली. हीच ती घटका, जी पुढं कितीतरी दिवस तिच्या डोळ्यांसमोरून हलली नाही. मग तिनं डोक्यावरचा पदर ओढला, बैलांच्या पाण्याच्या टाक्यात बुडवला, फाडून रक्षाच्या तोंडाला बांधला आणि तिला वर उचलून दिलं.

आतून म्हातारीचा आवाज आला, "काऊन आली वं तू? जाय बाहेर. मले राहू दे."

"आजी, गळ्यात हात टाक," रक्षा म्हणाली.

रक्षानं आजीखाली वाकळ सारली, वाकळीसकट तिला खिडकीपर्यंत ओढत आणलं आणि खालून रेटा दिला. कौशल्याबाईनं काखांत हात घालून ओढलं. मनकर्णाबाईची पाठ खरचटली, लुगडं फाटलं, पण ती बाहेर आली. तिच्यामागं रक्षाचं डोकं दिसलं. लेकीचे दोन्ही पाय गोठ्याच्या शेणात टेकले, तेव्हा कुठं कौशल्याबाई म्हातारीकडं वळली.

पुढं सहा-सात पंप चालू होते. झरोक्यातून आत बारीक फवारा पडत होता. धूर आधी वाढला, मग पांढरा होत गेला, मग विरळ झाला. कौशल्याबाईनं सांगेपर्यंत कोणी कडीला हात लावला नाही. दार उघडल्यावर माणसांनी दाताळ्यानं कापूस थोडा थोडा ओढून अंगणात पसरला. कापूस आतल्या आत जळत राहतो, म्हणून प्रत्येक ढिगावर पुन्हा पाणी मारलं. दिवस मावळता मावळता रूपराव परत आला. काळं-पांढरं अंगण पाहून तो फाटकातच थांबला.

"माय?" त्यानं विचारलं.

"बंडूभाऊजीच्या ओसरीत हाय. चहा पिऊन राह्यली," कौशल्याबाई म्हणाली.

तो मटकन खाली बसला आणि तिथंच रडायला लागला. तिनं त्याला रडू दिलं.

मग ती सासूकडं गेली. मनकर्णाबाईनं तिला खाटेवर जवळ बसवलं. म्हातारीनं सुनेचा हात आपल्या चांगल्या हातात घेतला.

"पोरीले आत धाडलं तं भेव नाई वाटलं तुले?"

"लय वाटलं."

"मंग?"

"तुमी आत होत्या ना, माय."

मनकर्णाबाईनं अंगठ्यानं तिच्या हातावरची माती पुसली. मग म्हणाली, "जेव काहीतरी. सकाळपासून उपाशी असशीन."

निम्म्याहून जास्त कापूस वाचला. पिवळट पडला होता, पण उन्हात वाळवल्यावर जिनिंगवाल्यानं घेतला. मधल्या खोलीची लाकडं काळी झाली, ती तशीच आहेत. वायर नवी ओढली, आणि कापसाच्या खोलीत आता दिवाच ठेवलेला नाही. भगदाड बुजवायला गवंडी आला, तर कौशल्याबाईनं त्याला परत पाठवलं आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच ते खालपर्यंत फोडून तिथं रुंद दार बसवून घेतलं. आता मनकर्णाबाईची खाट सकाळी त्या दारात येते. गाई हंबरतात, वासरू तिची वाकळ चाटतं, ती त्याला डाव्या हातानं हाकलते.

रक्षा आठवडाभर खोकत होती. डॉक्टरांनी छाती तपासली, काही नाही म्हणाले. तिच्या खोकल्यानं रोज जागणारी कौशल्याबाई त्या रात्री नऊच्या आत निजली, आणि सकाळी ती उशिरापर्यंत झोपून राहिली, म्हणून गाई रूपरावलाच सोडाव्या लागल्या.