नायिकेचा आवाज आणि लिमयेकाकूंचा कुकर

आमच्या डबिंग स्टुडिओच्या भिंतींना जाड गाद्या ठोकल्यात. आवाज बाहेर जात नाही, त्यामुळे किस्सेही आतच साठतात. मी रेकॉर्डिस्ट, दिवसभर कानाला हेडफोन. म्हणजे माझ्याकडे साठा सगळ्यांत मोठा! त्यातले हे काही, एका सुपरहीरो सिनेमाचे. तो आम्ही वारज्यात बसून मराठीत आणत होतो.

*

स्टुडिओ सोसायटीच्या तळमजल्यावर. वर लिमयेकाकू. छताला गाद्या लावायच्या राहिल्यात, त्यामुळे नायिका पडती बस हातावर झेलते आणि नेमकी वरून कुकरची शिट्टी!

आमचे दिग्दर्शक दामले सर वर गेले. "काकू, दहा मिनिटं कुकर थांबवा. जग वाचवतोय."

"तुमचं जग रोजच वाचतं," काकू म्हणाल्या. "आमचं वरण राहतं."

सर खाली येऊन शिट्ट्या मोजत बसले.

*

संघमित्रा येरवड्याहून यायची. आठवडाभर खराडीत फोनवर गिऱ्हाइकांच्या तक्रारी ऐकायची आणि रविवारी आमच्याकडे गर्दीतल्या किंकाळ्या मारायची. पहिल्या दिवशी ती "वाचवा!" असं काही म्हणाली, की सरांनी टेक थांबवला.

"अहो, इमारत कोसळतेय. तुम्ही रिक्षा थांबवताय!"

*

नायिकेचा आवाज काही ठरत नव्हता. एका रविवारी संघमित्राने धीर करून विचारलं, "सर, मी बघू का?"

नायिका खलनायकाला गळा धरून उचलते, असा प्रसंग. संघमित्रा इतकं गोड बोलली, की सर म्हणाले, "तो थँक्यू म्हणेल हो!"

"सॉरी सर."

प्रत्येक टेकनंतर "सॉरी सर". नोकरीची सवय! मी गंमत म्हणून तिची सगळी सॉरी एकापाठोपाठ जोडून ऐकवली. ती हसली, मग तिचे डोळे भरले. मला स्वतःची लाज वाटली.

"नायिका सुरुवातीला माझ्यासारखीच आहे सर," ती म्हणाली. "शेवटी नाही. मला शेवटपर्यंत जायचंय."

"मग पुढच्या रविवारी सॉरी घरी ठेवून या," सर म्हणाले. "नाही जमलं तर म्हणून सोमवारी दुसरी मुलगी बोलावलीय."

*

त्या आठवड्यात तिने घरी सराव केला, हे तिनेच मला नंतर सांगितलं. "मी इथून हलणार नाही!" हे वाक्य ती अशा काही जोरात म्हणाली, की भांडण समजून शेजारी दारात जमले.

तिची आई त्यांना म्हणाली, "राहू द्या. जन्मात पहिल्यांदा ओरडतेय."

*

रविवार उजाडला. तेच वाक्य. टेक झाला.

"ओके, पुढे," सर म्हणाले.

"नाही सर. शेवटचा शब्द नायिकेच्या ओठांवर बसला नाही. परत घेते."

दामले सरांना असं कुणी म्हणत नाही! मी गुपचूप रेकॉर्डिंगचं बटण दाबलं. ती बोलली, माझ्या अंगावर काटा आला, आणि वरून शिट्टी!

संघमित्राने हेडफोन काढून ठेवला आणि ती थेट वर गेली.

"आता काकूंना सॉरी म्हणून येईल," सर म्हणाले.

पाच मिनिटांनी ती आली. रुमालात गुंडाळलेली कुकरची शिट्टी तिने सरांच्या टेबलावर ठेवली.

सरांनी शिट्टी उचलून पाहिली. "काय म्हणालात त्यांना?"

"सिनेमातलंच वाक्य, सर. घेऊया?"

टेक झाला. सरांनी सोमवारच्या मुलीला फोन लावला.

"उद्या येऊ नका," ते म्हणाले. आणि जरा थांबून, "सॉरी."