डोकीमापे साहेबांची पत्रकं

नवा माणूस भेटला की डोकीमापे साहेब नमस्काराआधी त्याच्या कपाळाची रुंदी नजरेने मोजत. ते मानववंशशास्त्राचे प्राध्यापक. मिठाच्या सत्याग्रहाच्या आगेमागे, निवृत्त होऊन किहीमला राहायला आले. हे आडनाव कोळीवाड्याने बहाल केलेलं. त्यांनाही ते आवडे. मी गावचा शाळामास्तर, सुट्टीच्या दिवशी त्यांचे कागद लावायला जाई.

कागद म्हणजे धर्माची पत्रकं आणि वर्तमानपत्रांतली कात्रणं. 'अकरा प्रती न वाटणाऱ्याचा सत्यानाश होईल.' 'रावणाची लंका मुरूडच्या समुद्रात सापडली.' 'पिरॅमिड बांधणारे गवंडी कोकणातलेच.' मी हसलो की ते म्हणत, "मास्तर, हाडं गप्प असतात. माणसाला काय खरं वाटावंसं वाटतं, ते इथं कळतं."

एकदा पालीहून त्यांनी एक पत्रक आणलं. येत्या अमावास्येला समुद्र किनारा गिळणार! यावर किती जणांचा विश्वास बसतो ते पाहायला साहेब वही घेऊन कोळीवाड्यात घरोघर फिरले. "प्रलय होईल असं वाटतं का? होय की नाही?" तोवर कोणी काही ऐकलंही नव्हतं. पण एवढा शिकलेला माणूस दारात येऊन विचारतोय! अमावास्येला एकही होडी पाण्यात गेली नाही. कोंबड्या काखोटीला मारून कोळीवाडा कनकेश्वराच्या डोंगरावर गेला. समजूत घालायला साहेबही धापा टाकत वर पोचले. त्यांना पाहताच रडारड सुरू झाली. साहेबच पळून आले म्हणजे आता पक्कंच!

"अहो, मी नुसतं विचारलं होतं!"

"निसतं इचाराया डोंगर चढून आलात व्हय?" पारूबाई कोळीण म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती रिकामी पाटी घेऊन त्यांच्या दारात उभी राहिली. "समिंदर आला न्हाय, मासली पन न्हाय. आता पोरांना काय तुमचे कागुद खायाला घालू?"

साहेबांची मान खाली गेली. प्रायश्चित्त म्हणून आठ दिवस ते जाळी ओढायला होडीवर गेले आणि आठही दिवस ओकले. शेवटी नाखव्यानेच हात जोडले, "सायेब, तुमी घरीच ऱ्हावा."

पुढे एका वर्तमानपत्रात आलं, 'विद्वानाच्या भाकिताने किहीम ओस'. साहेबांनी ते नीट कापलं आणि म्हणाले, "पिरॅमिडच्या गवंड्यांशेजारी लावा."

"पण यात तुमचंच नाव आहे!"

"म्हणून काय सोवळ्यात ठेवायचं?"

साहेब वारल्यावर मुंबईहून आलेल्या मंडळींनी मोजमापांच्या वह्या नेल्या. पत्रकं कचरा म्हणून अंगणात टाकली. मी ती उचलून घरी आणली. तेराव्या दिवशी पारूबाई माझ्याकडे आली. तिने कनवटीचा एक चुरगळलेला छापील कागद काढला. अलिबागच्या बाजारात कोणी तरी हातात दिला होता.

"सायबांना आवडलं आसतं," ती म्हणाली.

मी घडी उलगडून वाचायला लागलो, तशी तिने घाईघाईने माझ्या हातावर हात ठेवला.

"वाचू नका, मास्तर. निसतं ठेवा."