आडी लागायच्या आत

मद्रासच्या धक्क्यावर उतरलो तेव्हा तिथल्या सरकारी माणसाने इंग्रजीत सांगितलं, की आता हा तुमचाच देश, इथून तुम्हाला कुणी हलवणार नाही. मी ते आईला मराठीत करून सांगितलं. आई म्हणाली, "बरं झालं. त्यांना म्हणावं, मीही आता हलायची नाही." सरकारने आम्हाला असं कायमचं ठेवून घेतलं. खोली मात्र आमची आम्हालाच शोधायची होती.

माझे आजोबा रत्नागिरीहून रंगूनला गेले आणि तिथलेच झाले. वडील मी शाळेत असतानाच वारले. पुढे नव्या राजवटीने त्यांचं दुकान ताब्यात घेतलं, आणि आम्ही दोघी मायलेकी हातात मावेल तेवढं सामान घेऊन बोटीत बसलो. तेव्हा मी नुकतीच विशी ओलांडली होती, आणि हिंदुस्थान आम्ही दोघींनीही कधी पाहिलेला नव्हता.

ट्रिप्लिकेनच्या एका गल्लीत खोली मिळाली. मालकीणबाई तंजावरकडच्या मराठी. त्यांच्या कित्येक पिढ्या तमिळ मुलखात गेलेल्या, सगळी गल्ली त्यांना मामी म्हणे. इतक्या दूर मराठी कानावर पडली म्हणून आई हरखून गेली. मामींना मात्र आमच्या मराठीची शंका येई. "ही कोठली मराठी?" त्या मला विचारत. "अर्धें बोलतां, अर्धें गिळतां." आईलाही मामींची मराठी पोथीतली वाटे. "बाई बोलतायत की आख्यान लावतायत?" असं ती माझ्या कानात कुजबुजे.

मामींनी खोली दिली ती बोलीवर. "आडी लागेपर्यंत राहा. लोक कसे आहेत तें पाहूं, मग सांगूं." आडी म्हणजे तमिळांचा आषाढासारखा महिना. त्या महिन्यात लग्न नाही, मुंज नाही आणि घर बदलणं तर नाहीच नाही. म्हणजे मामींच्या मनातून उतरलो, तर आडीच्या आत चंबूगबाळं आवरायचं. आईने तर बोटीतून उतरतानाच सांगून टाकलं होतं, "गाठोडं बांधायचं ते शेवटचं बांधलं. आता पुन्हा मला सांगू नकोस."

मला मद्रासबाहेर आवडी नावाच्या गावी एका कारखान्यात टायपिस्टची नोकरी लागली. रोज लोकलने जायचं, यायचं. आई नळावर जायची. कोपऱ्यावरच्या नळाला सकाळी थोडा वेळ पाणी येई आणि तेवढ्यात सगळी गल्ली लोटे. पहिल्याच आठवड्यात आई तिथून हसत हसत परत आली. "अगं, इथल्या बायकांना मराठी कळतं! मला पाहिलं की एकमेकींना म्हणतात, अगदी, अगदी!"

मलाही गंमत वाटली. मग एक दिवस ऑफिसात दोघंजण माझ्याकडे पाहून तोच शब्द बोलले. शेजारच्या टेबलावरच्या बाईंना मी त्याचा अर्थ विचारला. त्या बिचाऱ्या ओशाळल्या. तमिळमध्ये अगदि म्हणजे निर्वासित. ज्याला कुठेच थारा नाही, तो अगदि.

माझ्या अंगाचा असा भडका उडाला की त्या दिवशी टाइप केलेलं प्रत्येक पत्र दुसऱ्यांदा करावं लागलं. तुमचाच देश म्हणे! पण आईला सांगायचं नाही, हे मी येताना गाडीतच ठरवलं. घरी आले तर ती म्हणते, "आज तर एकीने मला पुढे घेतलं. म्हणाली, अगदी!" मी म्हटलं, "हो ना, चांगल्या आहेत गं बायका." आणि भांडी घासायला पळाले.

उन्हाळा लांबला तसं आईच्या मनाने घेतलं, की दाराशी पाण्याचं मडकं ठेवायचं. रंगूनमध्ये दर चार घरांआड असं मडकं असे. वाटसरूने यावं, पाणी प्यावं, झाकण ठेवून पुढे जावं. लढाईत रंगूनवर बॉम्ब पडू लागले तेव्हा आई पायीच तिथल्या आतल्या खेड्यांकडे निघाली होती आणि मी तिच्या पोटात होते. "खेड्याखेड्यांतून दारची मडकी नसती तर तू आज नसतीस," ती म्हणाली. "आणि जो राहायला आलाय तो दारात पाणी ठेवतो. जाणारा कशाला ठेवील?"

तेव्हा मडकं आणि त्याच्या तिवईसाठी बांबू आणायला मी बाजारात गेले. रंगूनला निम्मी घरंच बांबूची, तिथे बांबू नेणाऱ्याकडे कोण पाहतो! मी मडकं हातात घेतलं आणि हमालाच्या खांद्यावर दोन ओले बांबू दिले. पुढे मी, मागे तो, असे आम्ही गल्लीत शिरलो.

शिंप्याचं मशीन थांबलं. वाण्याच्या दुकानापुढच्या दोघांनी गुडघ्यावर दुमडलेली धोतरासारखी वेष्टी झटकन खाली सोडली. नळावरच्या बायका बाजूला सरल्या आणि एकीने डोळ्यांना पदर लावला. लोक मला एवढा मान देतात म्हणून मीही जरा ताठ चालले. ओट्यावर मामी उभ्या होत्या. त्या कापऱ्या आवाजात म्हणाल्या, "अय्यो! सकाळीं तर बरी होती गे तुझी आई!"

तेवढ्यात आई पीठ भरल्या हातांनी बाहेर आली आणि म्हणाली, "आणलंस का गं मडकं?"

पुढे मडकं आणि मागे बांबू! माझी अक्कल कुठे चरायला गेली होती कोण जाणे. मामींचे डोळे पाण्याने भरलेले होते, ते बघता बघता रागाने लाल झाले. "जित्या माणसाच्या घरीं हें आणतात? माझ्या दारांत? आडीच्या आधीं दुसरी जागा पाहा," असं म्हणून त्या डोक्यावरून पाणी घ्यायला आत निघून गेल्या.

मी घाबरले. आईने मात्र त्याच संध्याकाळी बांबू कापून तिवई बांधली, ओट्याच्या कोपऱ्यात उभी केली आणि वर मडकं ठेवलं. मी म्हटलं, "आई, आता तरी पुरे." तर म्हणाली, "आडीपर्यंत हा कोपरा माझाच आहे."

पहिले काही दिवस मडक्याकडे कुणी फिरकेना. मग एका रिक्षावाल्याने धीर केला, मग पोस्टमनने. हळूहळू भाजीवाल्या तिथे टोपली टेकवू लागल्या. आई आमच्या वाट्याच्या पाण्यातून मडकं भरी आणि आम्ही दोघी एका बादलीत अंघोळ उरकत असू. मामी ओट्यावर बसून सगळं पाहत. मी आपली गुपचूप खोली शोधत होते. आडी उद्यावर आली तेव्हा तांबरमला एक मिळाली, आणि गाठोडं बांधायचं आईला कसं सांगावं याचा विचार करतच मी घरी आले.

ओट्यावर मामी होत्या, उंबऱ्यात आई. मडक्यापाशी एक म्हातारा वाटसरू पाणी पीत होता. पिऊन झाल्यावर त्याने मामींना तमिळमध्ये विचारलं, हे पाणी कुणी ठेवलं? मामींनी हनुवटीने आईकडे दाखवलं. म्हाताऱ्याने आईची रंगूनची लुंगी पाहिली आणि कळवळून विचारलं, "बर्मा अगदिया, अम्मा?"

मी विषय बदलायला पुढे सरसावले. आई खणखणीत आवाजात म्हणाली, "अगदी! अगदी!"

म्हातारा मान हलवून गेला. आणि मामींना हसू फुटलं. आधी त्यांनी पदर तोंडाला लावला, मग तोही सुटला आणि त्या ओट्यावर डोलून डोलून हसू लागल्या. सगळ्या गल्लीत माझ्याखेरीज दोन्ही शब्द कळणाऱ्या त्या एकट्याच, असं मी धरून चालले होते. आईही हसत सुटली. आमच्या दोन मराठ्या त्या दिवशी पहिल्यांदा एकमेकींना नीट समजल्या.

डोळे पुसून मामी उठल्या, आतून आपली घागर घेऊन आल्या आणि मडक्यात ओतू लागल्या. "उद्यां आडी," त्या म्हणाल्या. "आडींत कोणी घर सोडत नाहीं."

"आणि आडी संपल्यावर?" मी विचारलं.

"हें मडकें फुटेल तेव्हां दुसरें आण. बांबू मात्र माझ्या दारांत पुन्हा आणूं नको."

आत आल्यावर मी आईला धरलंच. "तुला त्या शब्दाचा अर्थ कधी कळला?"

"बोटीवरच," ती म्हणाली. "तिथे सगळे तमिळ तेच तर बोलत होते."

"मग नळावरून रोज हसत का यायचीस?"

आई चूल पेटवत होती. माझ्याकडे न पाहता म्हणाली, "तू रोज आवडीहून रडकं तोंड घेऊन यायचीस. घरात एकीनं तरी हसायला नको?"