एल तेर्कोचं ठेवणीतलं गाणं

दिल्सा कासियानीला कुणी विचारलं, "मावशी, एवढा हट्ट कशाला?" तर ती तोंडानं उत्तर द्यायची नाही. नुसतं भिंतीकडे बोट दाखवायची. तिथं तिचा पिको उभा असायचा. गाणी वाजवायचा खोका, माणसाहून उंच, आत सगळे स्पीकर, आणि पुढच्या कापडावर रंगवलेलं गाढव, चारी पाय रोवून, कान मागे टाकून. खाली ठसठशीत नाव: एल तेर्को. म्हणजे हट्टी. जसा पिको तशी मालकीण, असं ओलाया वस्तीतले लोक म्हणायचे, आणि खोटं कशाला बोलू, तिला ते आवडायचं.

सकाळी बाजारात मासे तळायचे आणि रविवारी दुपारी जेवणं झाली की पिको रस्त्यावर काढायचा, हे तिचं आयुष्य. नवरा कंटाळून बारांकियाला निघून गेला. तो गेला त्या रविवारीसुद्धा पिको वाजला.

पिको बांधला तिच्या बापानं, नेमेसिओनं. कार्ताखेनाच्या बंदरात ओझी वाहता वाहता तो खलाशांकडून आफ्रिकेतल्या गाण्यांच्या तबकड्या मिळवायचा. तबकडी हातात आली की पहिलं काम म्हणजे सुरीनं मधला कागद खरवडून टाकायचा. गाण्याचं नाव नको, गाणाऱ्याचं नको, गावाचं नको. शेजारच्या पिकोवाल्यानं डोळे फाडून पाहिलं तरी त्याला काही कळता कामा नये. सगळेच असं करायचे. जे गाणं दुसऱ्या कुणाकडेच नाही ते ठेवणीतलं, आणि ज्याच्याकडे ते, त्याच्या दारात गर्दी. मग गाण्याचं बारसं वस्तीच करायची.

नेमेसिओच्या ठेवणीतल्या गाण्याला वस्तीनं नाव ठेवलं 'सासू'. कारण ते लागलं की घरात कुणाची बसून राहायची टाप नव्हती. त्या तबकडीचा कागद खरवडताना मात्र घात झाला. सुरी सटकली आणि कागद ओलांडून थेट रेघांवर गेली. गाण्याच्या शेवटाला, गिटार चढत जाते तिथं, सुई प्रत्येक फेऱ्याला अडखळायला लागली. टक्. टक्. टक्. नेमेसिओ दिवसभर जेवला नाही. पण रविवारी गाणं लागलं, टक् आला, आणि कुणीतरी त्यावर पाय आपटला. मग शेजारच्यानं आपटला. महिन्याभरात अख्खी गल्ली त्या टक्वर पाय आपटायला लागली. नेमेसिओ गेला, पण लोकांचं पाय आपटणं काही थांबलं नाही.

मग आले फोन.

लोक नाचायचं सोडून हात वर करून उभे राहायला लागले, पोलिसांनी धरल्यासारखे. समुद्राकाठच्या बंगल्यांतली पोरंपोरी यायची, पिकोसमोर तोंडं वाकडी करून फोटो काढायची आणि गाणं संपायच्या आत पळायची. ठेवणीतलं असं कुणाचं काही उरलंच नाही. फोन गाण्यापुढे धरला की तो चुटकीसरशी नाव, गाव, कुळी सांगून मोकळा. एकेका पिकोवाल्यानं तबकड्या भंगारात घातल्या आणि कॉम्प्युटर आणला. लोकांची पसंती गर्दीवर नाही, अंगठ्यांवर मोजायला लागले. मेले!

सासूपुढे मात्र फोनची मती गुंग व्हायची. तो ऐकायचा, ऐकायचा आणि म्हणायचा, सापडलं नाही. दिल्साला तेव्हा जो आनंद व्हायचा!

तिच्या लेकीला, युर्लेइदिसला, हे पटत नव्हतं. ती वेण्या घालायचं दुकान चालवायची आणि गिऱ्हाइकं फोनवरूनच मिळवायची. "आई, झाकून ठेवशील तर कुणाला कळणार?" असं तिचं रोजचं टुमणं. एका रविवारी दिल्साचा घसा बसला होता, त्यामुळे गाण्यावर माइकवरून नेहमीसारखं ओरडणं नव्हतं. लेकीनं संधी साधली. फोन वायरनं थेट पिकोला जोडला आणि सासू लाइव्ह सोडली, पहिल्यापासून शेवटपर्यंत.

संध्याकाळी ती फोन घेऊन आली. चेहरा उतरलेला. "आई, कुणीतरी लिहिलंय. आफ्रिकेतून."

"काय लिहिलंय?"

"क्लेमांस म्हणून बाई आहे, प्वांत-न्वारची. म्हणते, हा माझ्या बापाचा आवाज आहे. फुल्जेन्स माबियाला. त्यानं एकच तबकडी काढली, तीही आमच्याकडे उरली नाही. मी लहान असताना तो गेला. म्हणते, तुम्ही कोण आहात?"

दिल्सा भडकली. "मी कोण? मी ती बाई, जिचं घर तू भर रस्त्यात उघडं टाकलंस! तुझ्या आज्यानं जे सुरीनं पुसलं ते तू वायरनं चव्हाट्यावर आणलंस!" तिनं आठवडाभर लेकीशी अबोला धरला. पण मासे तळताना ते नाव तिच्या डोक्यात घोळत राहिलं. आपल्या बापानं पुसलं ते दुसरीच्या बापाचं नाव होतं, हे तिला कधी सुचलंच नव्हतं. आणि सुचलं ते तिला मुळीच आवडलं नाही.

चार दिवसांत दुसरा दणका बसला. 'एल आल्मिरान्ते' पिकोचा मालक येयो मारुगो तिच्या माशांच्या गाड्यापुढे येऊन उभा राहिला. नवा शर्ट, नवी साखळी, जुनाच आगाऊपणा.

"मावशी, नोव्हेंबरच्या जत्रेत होऊन जाऊ दे समोरासमोर."

"तुला काय खाज सुटली रे?"

"तुमची सासू माझ्याकडे नांदायला आलीय." त्यानं फोन कानाशी धरून हलवला. "भाच्यानं लाइव्हमधून उचलली. नावगावासकट. बोला, जो हरेल त्यानं पुढच्या जत्रेपर्यंत पिकोचं तोंड चादरीनं झाकायचं."

नेमेसिओनं स्वतः रंगवलेलं ते गाढव. वर्षभर चादरीखाली म्हणजे त्याला जिवंतपणी कफन घालणं. कुणीही शहाणी बाई नाही म्हणाली असती.

"चादर धुऊन आण," दिल्सा म्हणाली. "तुझ्या घरातल्या चादरी मला माहीत आहेत."

वस्तीनं तिला समजावलं. आमच्यात साधा नियम आहे: समोरासमोर वाजताना जो गाणं आधी लावेल, गाणं त्याचं. मागून लावणारा नुसता प्रतिध्वनी. आणि चिठ्ठीत पहिली पाळी निघाली येयोची. दुसरं काहीतरी लाव, फोनवाल्यांना हाकलून दे, आजारी पड, जो तो शहाणपण शिकवायला लागला. म्हातारी एतिल्विया तर म्हणाली, "पोरी, गाढवाला तरी विचार!"

"विचारलं," दिल्सा म्हणाली. "ते म्हणालं, सासूच लाव."

जत्रेच्या रविवारी रस्त्याच्या एका टोकाला आल्मिरान्ते, दुसऱ्या टोकाला तेर्को, मध्ये मुंगीला जागा नाही. फोनांचं तर रानच उगवलं होतं. येयोनं माइक हातात घेतला. "मंडळी! खरखर नाही, चरे नाहीत! सासू, न्हाऊन धुऊन आलेली!" आणि त्यानं गाणं सोडलं.

खरं सांगायचं तर आवाज स्वच्छ होता. इतका, की गाणाऱ्याचा श्वाससुद्धा ऐकू येत होता. लोक डुलायला लागले. दिल्सानं गाढवाच्या नाकावर हात ठेवला आणि तशीच उभी राहिली. गिटार चढायला लागली. अख्ख्या रस्त्यानं सवयीनं पाय उचलला.

टक् आलाच नाही.

भाच्यानं तो बिघाड समजून कॉम्प्युटरवर पुसून टाकला होता. सगळा रस्ता एका पायावर. कुणाचा तोल गेला, कुणी दुसऱ्याच्या पायावर पाय दिला, आणि गाणं आपलं गुळगुळीत पुढे निघून गेलं. क्षणभर कुणाला काही समजेना. मग एतिल्विया किंचाळली, "अरे, सासूचे दात पाडले मेल्यानं!"

असा हशा उसळला की येयोचं माइकवरचं बोलणं कुणाला ऐकूच गेलं नाही.

दिल्सानं तबकडी काढली. मध्ये कागदाचा पांढरा, खरवडलेला डाग. तिनं मागं वळून लेकीकडे पाहिलं. "काय गं, बघतेस काय? वायर जोड."

"लाइव्ह, आई?"

"लाइव्ह! त्या बाईला बोलाव. प्वांत-न्वारच्या."

मग तिनं माइक उचलला. घसा आता चांगला खणखणीत होता. तिच्या बापानं जे कधी केलं नव्हतं, कुठल्याच पिकोवाल्यानं केलं नव्हतं, ते तिनं भर रस्त्यात केलं. "ऐका रे! हे गाणं गायलंय फुल्जेन्स माबियाला यानं, प्वांत-न्वारच्या! आमच्या घरानं त्याचं नाव पुसलं होतं. आज मी घेतेय. ज्याला चोरायचंय त्यानं नावासकट चोरा. आणि येयो, लेका, नीट कान देऊन ऐक!"

सुई टेकली. खरखर झाली आणि लोकांनी तिचंच स्वागत केलं. गाणं चढत गेलं, गिटार चढत गेली, पाय वर उचलले गेले. टक्. रस्ता हादरला. टक्. खिडक्यांच्या काचा वाजल्या. टक्. ज्यांनी हातात फोन धरले होते त्यांनीही पाय आपटले, आणि जगभर ज्यांनी कुणी ते पाहिलं त्यांना चित्र हलतानाच दिसलं असेल. कुणी काही न सांगता येयोच्या बायकोनंच चादर आणली आणि आल्मिरान्तेच्या तोंडावर टाकली.

युर्लेइदिस गर्दीतून वाट काढत आली. डोळ्यांतून पाणी घळाघळा वाहत होतं. "आई, ती बघतेय. रडतेय म्हणते. आणि विचारतेय, शेवटचा तो टक् कसला? तिची आजी ते गाणं गुणगुणायची, त्यात तो नव्हता."

दिल्सानं धूळ फुंकून तबकडी फडक्यात गुंडाळली आणि फोनकडे बघितलं.

"तिला लिही," ती म्हणाली. "गाणं तुझ्या बापाचं. टक् माझ्या बापाचा."